टाचेची कंडरा आणि मुलांचे मैदान

बंगळूरच्या आग्नेय अंगाला कोरमंगलापासून निघून, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे आवार आणि आगऱ्याचा तलाव मागे टाकीत, इब्बलूरचा चौक ओलांडून कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशा एकेकाळच्या खेड्यांमधून सर्जापूर गावापर्यंत जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या दोहों बाजूंस उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिक येथून नोकरीनिमित्त आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आज नांदत आहेत. ज्या मुलुखात शहाजीराजांची जहागीर होती त्या मुलुखाशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. नवी आहे ती येथील दिनक्रमाची घडी. या वस्तीला शरीराची आस्था नाही असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. कैकोंड्रहळ्ळीच्या तलावाभोवतीच्या पायवाटेवर उजाडण्यापूर्वीच माणसे चालू लागतात, जवळजवळ प्रत्येक संकुलाच्या पोटात एक व्यायामशाळा असते, आणि किराणा मालाच्या दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी प्रथिनांच्या भुकटीचे डबे मांडलेले दिसतात. परंतु या सर्व आस्थेचा रोख एकट्या स्नायूवर आहे. दंड किती फुगला, मांडी किती भरली, वजन किती उचलले, एवढ्यावरच शरीरबलाचा हिशेब मांडला जातो. आणि ज्या संयोजी ऊतकांच्या साहाय्यावाचून स्नायूला एक तांब्याही उचलता यावयाचा नाही, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या त्या कंडरा, स्नायूंना वेढणाऱ्या त्या प्रावरणी आणि हाडांना हाडांशी बांधणारे ते अस्थिबंध यांचे नाव फक्त दुखापत झाल्यावर निघते. हा केवळ ज्ञानाचा अभाव असता तर त्यावर वृत्तपत्रात लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण या दुर्लक्षित ऊतकांच्या घडणीला वयाची एक मुदत आहे, ती बालपणी सुरू होऊन पौगंडावस्थेच्या अखेरीस संपते, आणि ती संपण्यापूर्वी मुलांना धावण्या-उड्या मारण्यास जागा देणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

स्नायू आणि कंडरा या शरीराच्या दोन भागीदारांची आंतरिक रचना जगाला एकाच वर्षी उमगली. १९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. स्नायू आखडतो तेव्हा त्यातील तंतू स्वतः आखूड होत नाहीत, तर मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धांत त्या दोन निबंधांनी मांडला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्याच नियतकालिकात, मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या दोघांनी कोलॅजेनची रचना प्रसिद्ध केली. कांगारूच्या शेपटीतील कंडरेच्या तंतूंवरून क्ष-किरण सोडून मिळालेल्या चित्रांवरून त्यांनी ताडले की, कंडरा, त्वचा, अस्थी या सर्वांना दृढता देणाऱ्या या प्रथिनाचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा आहे. पुढील वर्षी त्या प्रतिमानात त्यांनी व इतरांनी दुरुस्ती केली, परंतु तीन साखळ्यांचा मूळ विचार अबाधित राहिला. रामचंद्रन हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे बंगळूरमधील शिष्य. १९७० नंतरच्या काळात ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि तेथे त्यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. सर्जापूर रस्त्यावरच्या व्यायामशाळांच्या भिंतींवर परदेशी मल्लांची चित्रे मी पुष्कळ पाहिली. ज्या पुरुषाने कंडरेचे अंतरंग उलगडले आणि जो याच शहराच्या दुसऱ्या टोकास राहून काम करीत होता, त्याचे चित्र एखाद्या तरी भिंतीवर असावे अशी इच्छा मनात आल्यावाचून राहिली नाही.

कोलॅजेनच्या त्रिसूत्री पिळाचे मर्म असे की, प्रत्येक साखळीतील दर तिसरा घटक ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, कारण पिळाच्या आतील अंगास त्याहून मोठ्या घटकाला जागाच नाही. आणि या पिळाला देहाच्या उष्णतेतही स्थिर ठेवणारे हायड्रॉक्सिप्रोलिन तयार होण्यास क जीवनसत्त्व लागते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी जुन्या काळच्या दर्यावर्दी खलाशांच्या हिरड्या सुजत आणि बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उकलत, त्याचे कारण हेच.

आता स्नायू आणि कंडरा या दोहोंचे सहकार्य कसे चालते ते पाहावे. स्नायू म्हणजे पेशीतंतूंची नुसती मोळी नव्हे. प्रत्येक तंतूभोवती संयोजी ऊतकाचे एक अतिसूक्ष्म वेष्टन असते, तंतूंच्या प्रत्येक जुडग्याभोवती दुसरे, आणि सबंध स्नायूभोवती तिसरे. ही तिन्ही वेष्टने परस्परांत अखंड मिसळलेली असून स्नायूच्या टोकाशी तीच एकवटून कंडरा होतात आणि कंडरा हाडात रुजते. पेशीतंतूने निर्माण केलेला जोर सरळ टोकाशी जातो आणि तेथून हाडाला मिळतो, अशी जी समजूत शालेय आकृत्यांवरून होते, ती अपुरी आहे. मांडीतल्या काही लांब स्नायूंमधील कितीतरी तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. ते मध्येच निमुळते होऊन संपतात. मग त्यांचा जोर जातो कोठे? तो आडवा जातो. तंतूच्या कुशीतून त्याच्या वेष्टनात, वेष्टनातून शेजारच्या तंतूच्या वेष्टनात, आणि असा क्रमाक्रमाने कंडरेपर्यंत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या, बेडकाच्या स्नायूवरील प्रयोगांनी हे आडवे वहन दाखवून दिले. निसर्गाने याचा एक दारुण दाखलाही आपल्यापुढे ठेवला आहे. ड्युशेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, लहान मुलग्यांचे पाय वयाच्या पहिल्या दशकातच हळूहळू निकामी करणाऱ्या रोगात आकुंचनाची यंत्रणा जागच्या जागी असते; नसते ते डिस्ट्रोफिन हे प्रथिन, जे तंतूच्या आतल्या सांगाड्याला बाहेरच्या वेष्टनाशी जखडून ठेवते. १९८७ मध्ये त्या प्रथिनाचा शोध लागला. ही जखडणूक नसल्यामुळे प्रत्येक आकुंचनासरशी तंतूचे पटल फाटत जाते आणि स्नायू स्वतःच्याच जोराने झिजतो. होसूर रस्त्यावरील निम्हान्स रुग्णालयाच्या आवारात अशा मुलांना कडेवर घेऊन बसलेले आईबाप ज्याने पाहिले असतील, त्याला बल म्हणजे केवळ आकुंचन नव्हे हे निराळे सांगावयास नको.

सुश्रुताने हे तत्त्व आपल्या शारीरस्थानात मोठ्या मार्मिकपणे सांगितले आहे. पेशी (म्हणजे मांसपेशी) पाचशे आणि बंधने नऊशे अशी गणना करून तो म्हणतो की, फळ्यांची नाव अनेक बंधनांनी नीट आवळली म्हणजेच पाण्यावर माणसांचा भार वाहू शकते, त्याप्रमाणे सांध्यासांध्यांतून बांधलेला हा देह भार सहन करतो. आणि या बंधनांना झालेली इजा अस्थींच्या वा पेशींच्या इजेपेक्षा अधिक घातक होय. त्याच्या संख्या आजच्या शारीरशास्त्राशी जुळत नाहीत. मांस अधिक दिसते म्हणून त्याला अधिक मान द्यावयाचा नाही, ही त्याची दृष्टी मात्र आजही घेण्याजोगी आहे.

बंधन हा शब्द ऐकून कोणी कंडरेला निश्चेष्ट समजू नये. ए. व्ही. हिल या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९३८ साली दाखविले की, स्नायू जितक्या वेगाने आखडू लागतो तितका त्याचा जोर घटतो. सबब ज्याला थोड्या खर्चात पुष्कळ जोर हवा, त्याने स्नायूला संथपणे, किंबहुना लांबी न बदलता ओढू द्यावे आणि लांबीतली घटबढ दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी. आपला देह नेमके हेच करतो. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने चालणाऱ्या माणसाच्या पोटरीच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा पाऊल जमिनीवर असताना पोटरीचे तंतू जवळजवळ त्याच लांबीवर स्थिर राहतात आणि टाचेची कंडरा ताणली जाऊन मग मिटते, असे आढळले. धावताना तर ही व्यवस्था पराकोटीस पोहोचते. पावलाच्या तळाशी टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेला जो चिवट पट्टा आहे, तो बोटे वर वळताच घट्ट होऊन पावलाची कमान उचलतो, हे जे. एच. हिक्स याने दाखविले तेही, योगायोग असा की, १९५४ सालीच. पुढे १९८७ मध्ये मॅक्नील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब केला, तो असा: सत्तर किलो वजनाचा माणूस बऱ्यापैकी वेगाने धावत असता प्रत्येक पावलागणिक जी सुमारे शंभर ज्यूल ऊर्जा उलाढालीत असते, तीपैकी पस्तीस टाचेच्या कंडरेत आणि सतरा पावलाच्या कमानीत साठून परत मिळते. निम्मी धाव अशी स्नायूच्या पदरचा खर्च न होता पार पडते. याची किंमत कंडरा मोजते ती निराळीच. फिनलंडमधील पावो कोमी यांनी जिवंत माणसाच्या कंडरेवर मापक बसवून घेतलेल्या मोजणीत धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या बारापट ताण आल्याची नोंद आहे.

एवढा ताण सोसणारी ही दोरी घडते केव्हा, हा माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी विलक्षण मार्गाने मिळविले. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकाएकी चढले आणि पुढे ते संथपणे उतरत गेले. झाडाने, जनावराने आणि माणसाने त्या त्या वर्षी जे ऊतक घडविले त्यात त्या त्या वर्षीचे प्रमाण उमटले. निरनिराळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या टाचेच्या कंडरेतील हे प्रमाण मोजले असता असे दिसून आले की, कंडरेच्या गाभ्यातील ऊतक वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडते आणि त्यानंतर आयुष्यभर जवळजवळ तेच राहते. त्याच माणसांच्या स्नायूंत मात्र जुने जाऊन नवे येण्याचा क्रम सतत चालू असल्याचे आढळले. साठ वर्षांचा गृहस्थ ज्या गाभ्याच्या जोरावर बसमागे धावतो, तो गाभा त्याच्या शाळकरी वयात, त्या वयाच्या खेळातून आणि त्या वयाच्या आहारातून घडलेला असतो.

यावरून प्रौढांनी हात टेकावेत असे कोणी समजू नये. नियमित आणि संथ भाराचा व्यायाम तीन-चार महिने केल्यास प्रौढाच्या, किंबहुना साठी उलटलेल्या माणसाच्याही कंडरेची दृढता वाढते, आणि नव्वद दिवस अंथरुणाला खिळवून ठेवलेल्या निरोगी माणसांची पोटरीची कंडरा निम्म्याहून अधिक दृढता गमावून बसल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षणही आहे. पण या वाढीची गती स्नायूच्या गतीहून मंद असते, आणि तेथेच घात होतो. सोमवार ते शुक्रवार खुर्चीवर बसून शनिवारी अकस्मात बॅडमिंटनच्या जाळीपुढे झेप घेणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषाच्या टाचेची कंडरा तुटते, हे अस्थिरोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. अशा माणसाने आधी दोन महिने कसरत केली असली तरी तिने स्नायू तयार झालेला असतो, कंडरा झालेली नसते. बलवान भागीदार दुबळ्याला तोडतो. व्यायामशाळेतील शिक्षकाने वजन वाढविण्याची तजवीज स्नायूकडे न पाहता या मंद भागीदाराकडे पाहून करावी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ टळेल. प्रौढांविषयी याहून अधिक लिहिण्याची मला गरज वाटत नाही. चिंता मुलांची आहे.

सर्जापूर रस्त्यावरील मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी संकुलाच्या दाराशी शाळेची बस येते, या रस्त्याची वाहतूक सर्वश्रुत असल्याने तीत त्याचा पुष्कळ वेळ जातो, शाळेत तो बाकावर बसतो, परतीच्या बसमध्ये पुन्हा बसतो, आणि घरी आल्यावर शिकवणीसाठी तिसऱ्यांदा बसतो. संकुलाच्या आवारात चेंडू खेळण्यास मनाई असल्याचा फलक लावलेला असतो, कारण आवारात मोटारी उभ्या असतात. ज्या पालकांना हे खटकते आणि ज्यांची ऐपत आहे, ते मुलाला एखाद्या क्रीडा-अकादमीत घालतात. तेथे तो आठवड्यातून दोनतीन दिवस, तास दीड तास, एकच खेळ एकाच पद्धतीने शिकतो. न खेळण्यापेक्षा हे बरे, हे मी मान्य करतो. तथापि आठ ते चौदा या वयात हाडे झपाट्याने वाढत असताना कंडरा जेथे हाडात रुजते ती कूर्चेची जागा नाजूक असते, आणि त्याच एका जागेवर त्याच एका हालचालीचा ताण वारंवार पडला तर टाच वा गुडघा दुखू लागतो, हे बालकांच्या अस्थिरोगांत सर्वज्ञात आहे. वाढत्या कंडरेला हवी असते ती विविधता: धावणे, थांबणे, उडी, चढण, लोंबकळणे, वळणे, पडणे आणि उठणे. ही विविधता अकादमीची फी भरून विकत मिळत नाही. ती मोकळ्या जागेत, समवयस्कांच्या टोळीत, कोणी शिकवीत नसताना मिळते. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, खो-खो यांचे मोल मी याच कारणासाठी मोठे मानतो.

महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेने हे शास्त्र प्रयोगशाळेवाचून ओळखले होते, असे म्हणण्यास आधार आहे. तालमीत पोराला लहानपणीच घालीत, आणि पहिल्याच दिवशी त्याला कुस्तीस लावीत नसत; हौद्यातील माती खणणे, जोर, बैठका, धावणे यांत पुष्कळ काळ जाई. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकते झाले, तेव्हा त्यांच्यामागे पैलवान वडिलांच्या घरातले सबंध बालपण उभे होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यात एका उत्साही राजाचा छंद एवढेच पाहणे रास्त नाही. शाळकरी वयातील प्रत्येक मुलाला रोज थोडा, पण सर्वांगाचा ताण मिळावा, ही त्यामागील दृष्टी कारभारी पुरुषाची होती. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांच्या वेळी शरीरात होणाऱ्या दाबांची यंत्रांनी मोजणी आरंभिली, तीही याच वृत्तीची पुढची पायरी. ही परंपरा आपण परमुलुखात येताना बरोबर आणली ती गणेशोत्सवातील लेझमीपुरती, याचे मला वाईट वाटते.

शासनाकडे या कामी साधने नाहीत असे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीबरोबर क्रीडांगणाची अट घातलेली आहे, आणि त्या निकषांची पूर्तता केल्याखेरीज शाळेस मान्यता देऊ नये असे तोच कायदा सांगतो. पण क्रीडांगण केवढे असावे हे त्या अनुसूचीत लिहिलेले नाही, आणि ही मोकळीक घेऊन फरसबंदी अंगणाचा एखादा चौक नकाशावर क्रीडांगण म्हणून दाखविणे अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान साठ मिनिटांच्या मध्यम ते जोरकस हालचालीची आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू व अस्थी बळकट करणाऱ्या खेळांची शिफारस केली आहे. वयाची ही मर्यादा आणि कंडरेच्या घडणीची मर्यादा एकाच आकड्यावर येऊन थांबाव्यात, हे शासनकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. मुलांच्या संख्येच्या प्रमाणात मातीच्या मैदानाचे क्षेत्र राज्य सरकारने नियमांत आकड्यानिशी ठरवावे आणि मान्यतेच्या नूतनीकरणाच्या वेळी ते कागदावर न पाहता जाग्यावर मोजावे. कर्नाटकात १९८५ चा उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या संरक्षणाचा कायदा आहे; सर्जापूर रस्त्यावर नवीन वसाहतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या दप्तराने तो टेबलावर उघडून ठेवूनच मंजुरीची मोहोर उमटवावी.

काही पालक म्हणतील की, मैदानात मुले पडतात, हातपाय मोडतात. पडतात हे खरे. परंतु नवव्या वर्षी झाडावरून पडून मोडलेला हात बहुधा काही आठवड्यांत सांधतो आणि ते हाड पुढे वाढत राहते, उलट ताणच न पडलेल्या कंडरेचा गाभा पंचविसाव्या वर्षी मागून मिळत नाही. दुसरे कोणी अभ्यासाचे कारण पुढे करतील. दिवसातला एक तास अभ्यासातून काढावा असे मी म्हणत नाही. बसमधला तास वाचवावा, म्हणजे शाळा घराजवळची निवडावी, आणि तो तास मातीवर घालवू द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. शासनाच्या हुकमाची वाट न पाहता होण्यासारखेही काही आहे, आणि ते गृहसंकुलांच्या व्यवस्थापक मंडळांच्या हातात आहे. या मंडळांत मराठी गृहस्थ आणि गृहिणी जागोजाग आहेत. त्यांनी येत्या वार्षिक सभेत ठराव मांडावा की, रोज सायंकाळी पाच ते सात या वेळात संकुलाचा आतला रस्ता मोटारींना बंद राहील, चेंडूच्या मनाईचा फलक उतरविला जाईल, आवाराच्या एका तुकड्यावरची फरशी काढून तेथे लाल माती टाकली जाईल, आणि त्या मातीजवळ मुलांना लोंबकळता येईल अशा उंचीवर एक आडवा दांडा बसविला जाईल.